ट्रॅकवर न गेलेली गाडी

दातांच्या डॉक्टरबाईंचा पारा चढायला फारसं निमित्त लागत नसे. पण त्या दिवशी शोरूममध्ये चढला तो रास्तच होता, असं त्यांचा धाकटा भाऊही म्हणतो. आणि तो काही ऊठसूट बहिणीची बाजू घेणारा नाही.

बाई पन्नाशीच्या. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, दवाखाना एकटीने उभा केला. मध्यंतरी एका पेशंटच्या आग्रहावरून शहराबाहेरच्या रेसट्रॅकवर गेल्या. तिथे अधूनमधून कुणालाही आपली गाडी आणून मनसोक्त पळवता येते. बाईंनी रोजची साधी गाडीच दामटली, ब्रेकमधून धूर काढला आणि त्या दिवसापासून नादावल्या त्या नादावल्याच. आता खरीखुरी स्पोर्ट्स कार हवी होती. नवी घ्यावी की जुनी, एवढाच घोळ होता.

"नवीच घे, ताई," भाऊ म्हणाला. "जुनी कुणी कशी हाणलीय, देव जाणे."

म्हणून दोघं शोरूममध्ये गेले. सेल्समन थेट भावाकडे वळला आणि इंजिनाची ताकद सांगू लागला.

"मला गाडी लागते हो," भाऊ पडेल आवाजात म्हणाला. "घेणारी ही आहे."

"अरे वा! मग मॅडमना लाल रंग शोभून दिसेल."

बाईंनी तो घोट गिळला. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत पोचणारा फोटो होता: तीच गाडी, रेसट्रॅकचं वळण, टायरखालून उसळणारा धूर.

"मी ही ट्रॅकवर नेणार आहे. तिथे काही बिघडलं तर वॉरंटीत बसेल ना?"

सेल्समन खाकरला. "ट्रॅकवर झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, मॅडम."

"मग हा फोटो कशाला लावलाय?"

"ती जाहिरात आहे."

"म्हणजे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे! आणि हे तुम्ही मला, दातांच्या डॉक्टरला सांगताय?"

त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "नेली तरी सांगायचं कशाला? हायवेवर बिघडली म्हणायचं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गाडी तुमची, फोटो तुमचा, आणि खोटं मी बोलायचं?" बाई तरातरा बाहेर पडल्या. घरी पोचेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. भाऊ खिडकीची काच खाली करून बाहेर तोंड वळवून बसला. एक तर त्याला मळमळत होतं, आणि दुसरं म्हणजे नवीचा सल्ला त्याचाच होता.

मग जुनी. तेच मॉडेल, पाच वर्षं वापरलेलं. मालक निवृत्त मुख्याध्यापक. घरामागच्या गॅरेजमध्ये गाडी आरशासारखी लखलखत होती.

"रविवारी बायकोला घेऊन फेरफटका, बस्स," सर म्हणाले. "ट्रॅक म्हणजे काय, हे या गाडीला माहीतच नाही."

बाईंनी पर्समधून दात तपासायचा छोटा आरसा आणि टॉर्च काढला, गुडघे टेकले आणि पुढच्या चाकामागे हात घातला. आतल्या बाजूला वितळून घट्ट चिकटलेले रबराचे बारीक गोळे होते. ट्रॅकवरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पोटात असतात, तसेच. त्यांनी नखाने एक खरवडून काढला आणि सरांच्या तळहातावर ठेवला.

"वहिनींना घेऊन फिरताना लागलं वाटतं हे?"

सरांची मान खाली गेली. "ट्रॅकचं नाव काढलं की गिऱ्हाईक परत येत नाही हो."

"अहो, मला ट्रॅकसाठीच हवीय! ताकाला येऊन भांडं मी लपवलं नाही, ते तुम्ही लपवलंत. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलंत ना? मग आता बोला!"

आणि सर बोलले. ब्रेक कधी बदलले, कुठलं तेल घातलं, एकदा गवतात कशी घसरली. बांध फुटल्यासारखे बोलत राहिले. गाडीला इतकं जपलेलं ऐकून बाईंचा राग खरं तर निवायला हवा होता. पण एवढी चांगली गोष्ट या माणसाने लपवावी, याचाच त्यांना उलट जास्त संताप आला. ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली, आणि ती घेऊनच टाकली.

पहिल्याच ट्रॅकच्या दिवशी सर बघायला हजर. बाईंनीच फोन करून बोलावलं होतं, रागारागातच. सकाळची तिसरी फेरी असेल, गाड्या थांबवायच्या जागेलगतच्या मोठ्या वळणाशी कुंपणापलीकडून सर हात नाचवत ओरडले, "आधी! ब्रेक आधी दाबा!"

उघड्या काचेतून ते ऐकून बाईंनी गाडी थांब्यावर आणली, हेल्मेट काढलं आणि तिथूनच ओरडल्या, "सर, गाडी आता माझी आहे! मला वाटेल तेव्हा दाबीन!"

"दाबा की," सर म्हणाले. "पण आधी."

बाई पुन्हा निघाल्या. मोठं वळण आलं. त्यांनी ब्रेक सरांनी सांगितलं होतं तसा आधी दाबला. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली आणि बाई आणखीच भडकल्या.