आमच्या व्याह्यांचे पाच गडी

माझ्या मुलीचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, यांच्याइतका शिस्तीने खेळणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात आणि तिथून पुढे थेट चाकणपर्यंत दुसरा सापडायचा नाही. मी जन्मभर शाळेत मास्तरकी केली. शिस्त या विषयावर प्रार्थनेनंतर किती भाषणं झोडली असतील त्याची गणती नाही. पण शिस्त म्हणजे काय हे प्रत्यक्ष पाहिलं ते निवृत्तीनंतर, पुनावळ्याच्या एका सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, कॉम्प्युटरवर राक्षस मारत बसलेल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थाकडे. आणि त्याच गृहस्थावर पुढे खेळात लबाडी केल्याचा आरोप झाला! त्या सुनावणीला मी जातीने हजर होतो, म्हणून हे सगळं सांगू शकतो.

आमची पहिली भेट सोयरिकीच्या वेळची. आम्ही नवरा-बायको मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. विहीणबाईंनी जयभीम घातला, पाणी दिलं आणि त्या पोह्यांचं बघायला आत गेल्या. होणारा जावई समोर हात जोडून बसला. "वडील दिसत नाहीत?" मी विचारलं. तो जरा अडखळला. "शिफ्टवर आहेत," म्हणाला. मला तर ते चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झाल्याचं कळलं होतं. मी मान वळवली तर बेडरूमचं दार अर्धवट उघडं. आत टेबलावर तीन स्क्रीन, समोर ताठ बसलेले गृहस्थ, आणि पायांत, घरात हो, कंपनीचे जाडजूड सेफ्टी शूज. स्क्रीनवर पाच योद्धे एका अगडबंब राक्षसाला घेरून उभे. मान न वळवता आतून आवाज आला, "दोन मिंटं, पाव्हणं. राक्षस लाइनीवर घेतलाय. मधीच सोडला तर पाची गडी जात्यात." बरोब्बर दोन मिनिटांनी ते बूट काढून, हात धुऊन बाहेर आले आणि इतक्या अदबीने समोर बसले, की रागवायला काही जागाच उरली नाही. परत येताना रिक्षात बायको म्हणाली, "मुलगा चांगला आहे, पण सासरा?" मी म्हणालो, "अगं, बाहेर कुठे जात नाहीत, घरात डोळ्यांसमोर असतात. तुझ्या भावाबद्दल असं म्हणता येईल का?" सोयरीक जमली.

हा खेळ म्हणजे एक भलंमोठं राज्य. त्यात डोंगर, दऱ्या, खाणी आणि वाटेल तितके राक्षस. ठिकठिकाणचे हजारो लोक आपापल्या घरून त्यात उतरतात. प्रत्येकाचा एक योद्धा. मोठा राक्षस मारायचा तर निदान पाच जणांनी जमावं लागतं. कुणी ढाल धरायची, कुणी वार करायचे, कुणी जखमींना बरं करायचं. आमचे व्याही मात्र हे पाचही जण एकटेच. पाच खाती, पाच योद्धे, आणि एक सॉफ्टवेअर. या प्रकाराला मल्टिबॉक्सिंग म्हणतात, हे ज्ञान मला जावयाने दिलं. व्याह्यांनी एक कळ दाबली की ती कळ एकाच क्षणी पाचही योद्ध्यांना पोचते आणि पाचही तलवारी एकदम बाहेर पडतात. व्याही त्यांना योद्धे म्हणत नाहीत, गडी म्हणतात. गड्यांची नावं फिटर, टर्नर, वेल्डर आणि मोल्डर. पाचवी जखमा बऱ्या करणारी एक नाजूक, सोनेरी केसांची जादूगारीण आहे. तिचं नाव कँटीन. "सगळ्यांना जगिवती, मग दुसरं काय नाव ठेवनार?" असं त्यांचं म्हणणं.

चाकणजवळच्या निघोज्याच्या शेतकरी घरातला हा माणूस. कारखाना गावाच्या दारात आला, तसा शेतातून उठून थेट मशीनवर गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलला नाही. त्यामुळे कारखाना सुटला तरी त्यांच्यातून कारखाना सुटला नाही. टेबलामागे भिंतीवर पांढरा फळा. त्यावर रोज सकाळी पाची गड्यांची नावं, आजचं टार्गेट, झालेलं काम, आणि 'बंद पडण्याचे कारण' असा रकाना. त्या रकान्यात मी एकदा 'विहीणबाईंनी दळण आणायला पाठवले' असं वाचलं आहे. टेबलावर पिवळी पट्टी चिकटवून माउसची जागा आखलेली. त्या चौकटीत मी चुकून चहाचा कप ठेवला, तेव्हा त्यांनी कप उचलून माझ्या हातात दिला आणि पट्टीवरून रुमाल फिरवला. दहाच्या ठोक्याला मोबाइलवर भोंगा वाजतो. मग समोर राक्षस असो की खजिना, पाची गडी झाडाखाली बसतात आणि व्याही स्वयंपाकघरात चहाला जातात. गुरुवारी खेळ बंद, कारण आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. आमच्या पोरांच्या लग्नात ते तीन दिवस खेळापासून दूर होते. खेळातल्या सोबत्यांना त्यांनी आधी रीतसर निरोप दिला होता, 'तीन दिवस मेंटेनन्ससाठी प्लँट बंद.' लग्नाचा मांडव मात्र त्यांनी असा सांभाळला की जेवणाची एकही पंगत पाच मिनिटं उशिरा बसली नाही.

खेळात लोकांच्या टोळ्या असतात. व्याह्यांची टोळी बहुतेक आपल्याच भागातली. कुणी मोशीचं, कुणी आकुर्डीचं, आणि म्होरक्या हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी करणारा एक तरुण. टोळीत त्यांना सगळे काका म्हणायचे आणि नवख्याला काही अडलं की काकांकडे पाठवायचे. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी व्याह्यांचा मला फोन आला. आवाज पार उतरलेला. "पाव्हणं, दुपारी या. टोळीनं मीटिंग लावली हाय. कंपनीत कामगारावर लावत्यात तशा डोमेस्टिक इन्क्वायरीला मला बोलावलंय म्हना ना. तुमी मास्तर मानूस, चार शब्द बोला."

आरोप असा होता. खेळात काळदरी नावाची एक जागा आहे. तिथे दिवसातून एकदा, दुपारी चारला, एक अजगर निघतो. त्याला मारणाऱ्यांनाच त्याची कात मिळते आणि त्या कातीचं चिलखत होतं. महिनाभर, गुरुवार सोडला तर, ही कात रोज आमच्या व्याह्यांकडेच जात होती. तक्रार केली होती चऱ्होलीच्या एका बाईने. मेडिकलच्या दुकानात काम करणारी, खेळातलं नाव वाघीण. खेळाच्या कंपनीचे नियम असे गुळमुळीत होते की एकाने पाच खाती ठेवावीत का, याला हो होतं. पण एक कळ पाच ठिकाणी पोचवावी का, याला ना हो होतं ना नाही. म्हणून टोळीने आपसातच निवाडा करायचा ठरवला.

दुपारी मी पोचलो तेव्हा व्याही इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसले होते. समोर कुणालाच ते दिसणार नव्हते. नुसता आवाज जायचा होता. मी बाजूला खुर्ची घेतली. विहीणबाई दारात उभ्या राहिल्या. वाघीण बोलायला लागली. नावावरून मला वाटलं तसं काही नव्हतं. आवाज मऊ होता, आणि थोडा कापतही होता.

"काका, तुमच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाहीये. ढाल कशी धरायची ते मला तुम्हीच शिकवलंत. पण आमचं दुकान दुपारी तीन तास बंद असतं, तेवढाच माझा वेळ. तेवढ्यात मी बाकीच्या चौघांना फोन करकरून जमवते. एकीचं नेट जातं, एकीचं पोर उठतं, एकाला साहेब बोलावतो. धावत दरीत जातो, तर तुमचे पाच जण अजगर मारून मोकळे."

व्याह्यांनी माइकजवळ तोंड नेलं. "ताई, मी कुनाच्या वाटंत आडवा पडलो न्हाई. पाची गडी माझे. माझी एक कळ चुकली तर पाची मरत्यात, तुमचा मरतो एक. जोखीम पाचपट हाय. मग फायदा कसला?"

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. मी घसा खाकरून "न्याय या शब्दाची फोड केली तर..." अशी सुरुवात केली, तोच म्होरक्याने आमच्याकडचा आवाज तेवढ्यापुरता बंद केला. माझी मास्तरकी तिथेच संपली.

"मरायचं काही नाही हो काका," वाघीण म्हणाली. "पाच माणसं एका वेळेला जमणं, एकमेकांचं ऐकणं, चुकणाऱ्याला सांभाळून घेणं, हाच तर निम्मा खेळ आहे. तो तुम्हाला खेळावाच लागत नाही. तुम्हाला कुणाची वाट बघायला लागत नाही. पाच जणांकडून हरलो असतो तर मी एक शब्द बोलले नसते. तुमच्या पाचांत माणूस एकच आहे."

व्याह्यांचे कान लाल झाले. अपमान झाल्यासारखे ते ताठ बसले. "असं बगा," ते म्हणाले, "कंपनीत एका मशीनला एक ऑपरेटर असायचा. मी एकट्यानं चार मशीनी चालवून दाखवल्या. एक बी पीस रिजेक्ट न्हाई. तवा मला कुनी लबाड म्हनलं न्हाई. स्टेजवर बोलावून शाल घातली. मग आताच का?"

 मग वाघिणीने विचारलं. टोमणा म्हणून नव्हे. खरोखरच कळावं म्हणून विचारलं असं मला आजही वाटतं. "मग काका, त्या बाकीच्या तीन मशीनवर आधी जे होते, ते कुठं गेले?"

 व्याह्यांनी हात पुढे करून माइक बंद केला. पलीकडून "काका? काका, आहात ना?" असे आवाज येत राहिले.

"तिघं बी कंत्राटी होते," ते मला म्हणाले. "पुढचं कंत्राट दिलं न्हाई. मी काय काडलं का त्येंना? साहेबांनी काडलं. मला वाटायचं, आपन काम जास्ती केलं, यात वंगाळ काय हाय?" विहीणबाई दारातून म्हणाल्या, "एक तर यांच्यासंगं जेवायचा. माझ्या हातची शेंगदान्याची चटनी त्याच्यासाटी येगळी बांधून द्यायची मी. शालीच्या दिवशी बी त्याला घरी बोलवा म्हनलं होतं मी." "आला न्हाई," व्याही म्हणाले. "पुढं एकदा चाकणच्या बाजारात दिसला. मी हात केला. त्यानं बगितलं, आन् वळून गेला." माणूस रडला वगैरे नाही. उठून त्यांनी फडक्याने तिन्ही स्क्रीन पुसले. ते आधीच स्वच्छ होते.

संध्याकाळी टोळीचा निकाल आला आणि तो त्यांच्या बाजूने लागला! काकांना जसं खेळायचं तसं खेळू द्यावं, असं बहुतेकांचं मत पडलं. जावयाने आनंदाने फोन करून मला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांनी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं होतं आणि फळ्यावर बंद पडण्याच्या कारणापुढे काहीच लिहिलं नव्हतं.

त्यानंतरचा आठवडा कठीण गेला. पाचांची सवय झालेल्या माणसाला एकटा फिटर चालवता येईना. तो दर वळणावर मागचे चौघं आले का बघायला थांबायचा आणि तेवढ्यात लांडगे त्याला खायचे. शेवटी व्याह्यांनी खेळाचे नियम छापून आणले, चष्मा लावून तीनदा वाचले आणि घरच्या माणसांना खाती वापरायला देता येतात या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. मग भरती झाली. टर्नर माझ्या मुलीकडे, मोल्डर जावयाकडे, कँटीन विहीणबाईंकडे, आणि वेल्डर, मी नको नको म्हणत असताना, माझ्याकडे. माझ्या घरी जावई जुना लॅपटॉप बसवून गेला. पहिल्या मोहिमेत मी तलवार उपसायच्या ऐवजी कड्यावरून उडी मारली. विहीणबाई मला वाचवायला धावल्या आणि त्याही पडल्या. जावई हसून हसून मेला, म्हणजे खेळात. कानाला लावलेल्या यंत्रातून विहीणबाई ढालवाल्या फिटरला, म्हणजे आमच्या व्याह्यांना, सुनावताना ऐकू आल्या, "अहो, माझ्या म्होरं हुबं ऱ्हावा ना, ढाल काय शोभंला घेतलीया?" संसारात जे त्या कधी उघड बोलल्या नसतील, ते आता रोज दुपारी चार वाजता सगळ्यांदेखत बोलतात.

मधे एका गुरुवारी व्याही मला घेऊन चाकणला गेले. त्या जुन्या सोबत्याची खोली त्यांना आठवत होती. तिथे आता दुसरंच कुटुंब राहतं. शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांनी आठवून सांगितलं, "वो लोग तो कबके गाव चले गये, भाई. लातूर साइड का था शायद." नंबर कुणाकडेच नव्हता. व्याही थोडा वेळ त्या दारापुढच्या पायरीकडे बघत उभे राहिले. हातातल्या पिशवीत विहीणबाईंनी दिलेली चटणीची बरणी होती. ती त्यांनी चाचांना दिली.

अजगर आम्हाला अजून मिळालेला नाही. तो बहुतेक वेळा वाघिणीचे लोक मारतात आणि जाताना काकांना हात करून जातात. मुलगी आणि जावई आता नोकरीसाठी चेन्नईला गेलेत, त्यामुळे पाच जण जमायला रोज नवी अडचण. काल माझं तेच झालं. औषध घ्यायला म्हणून उठलो, मग दारात पोस्टमन, मग शेजारी. परत येऊन बघतो तो साडेचार होऊन गेलेले. दरीत शुकशुकाट, अजगर कधीच मरून पडलेला. आणि दरीच्या तोंडाशी फिटर एका दगडाला टेकून उभा, बाजूला कँटीन, टर्नर, मोल्डर. मी घाईघाईने कानाला यंत्र लावलं आणि चुकलं, फार उशीर झाला, असं म्हणायला लागलो.

"असू द्या, पाव्हणं," व्याह्यांचा आवाज आला. "तुमी सावकाश या. आमी थांबलोय."