हात पोचेल तिथवर

वॉर्ड ऑफिसच्या आवारात एक पेरूचं झाड आहे. वर भरगच्च हिरवं, खाली नुसत्या काड्या. शेळ्यांनी खाल्लं असेल असं मला वाटायचं. काल पाहिलं, तर एक बाई टाचा उंचावून पानं ओरबाडत होती आणि घाईघाईने चावत होती.

"दारूचा वास जातो यानं," ती म्हणाली. "गरीब बायांच्या योजनेत झाडलोटीचं काम मिळतंय. पण आत साहेब तोंडाचा वास घेतात."

"उपचार का घेत नाहीस?"

"दवाखान्यात महिनाभर राहायला सांगतात, ताई. तोवर पोरांना काय घालू? म्हटलं, आधी काम द्या, मग सोडते. ते म्हणतात, आधी सोड." तिने आणखी एक पान तोडलं. "आणि लावली कुणी? नाला उपसायला उतरवताना मुकादमच पाजायचा. त्याशिवाय त्या घाणीत उभं राहवत नाही."

म्हणजे घाणीत उतरवताना आपणच पाजायची, आणि बाई वर यायला लागली की तिचंच तोंड हुंगायचं. याला आपण कल्याण म्हणतो.

मी आत डोकावले. साहेबांच्या गालात तंबाखूचा बार होता. समोर कामासाठी आलेले चार पुरुष रांगेत होते. साहेबांनी एकाच्याही तोंडाजवळ नाक नेलं नाही.

बाहेर येऊन झाड पुन्हा पाहिलं. बाईचा हात पोचेल तिथवरच ते उघडं पडलं होतं. त्याच्या वर, पुरुषांचा हात पोचतो तिथली पानं जशीच्या तशी होती.