मे महिन्यातला कोट

राजापेठेत माझ्या स्टेशनरीच्या दुकानासमोर शालिकराम टेलरचं दुकान आहे. बाहेर काचेत कोट-टाय घातलेला पुतळा आणि आत बनियनवर घामाघूम शालिकराम. आमच्या वऱ्हाडात लग्नं नेमकी मे महिन्यात लागतात. पारा पंचेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसतो, तरी नवरदेवाला अस्तराचा थ्री-पीस सूट लागतोच. माझाही शालिकरामनंच शिवला. लग्नाचा फोटो पाहून माझी मुलगी विचारते, "बाबा, तुमाले कोनी धरून आनलं होतं का?"

शालिकरामचे आजोबा पुंजाजी कॅम्पातल्या गोऱ्या कलेक्टराचे कोट शिवायचे. घराण्यात पैसा उरला नाही, कोट तेवढा उरला. "कोट घातला का मानसाले लोक खुर्ची देतेत," हे शालिकरामचं ठाम मत. तसं ते खोटंही नाही. मी एकदा लग्नातून कोटासकट परस्पर बँकेत गेलो, तर रोज हटकणाऱ्या शिपायानं पाणी आणून दिलं.

गेल्या वर्षी शालिकरामच्या मुलीचं, दीपमालाचं लग्न ठरलं. जावई योगेश शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या कलमांची नर्सरी असलेला. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून शालिकरामनं जावयाचा कोट मनात बेतून ठेवला होता. योगेश दुकानात आला तेव्हा हा गळ्यात टेप घालून तयारच. तर योगेश म्हणतो, "मामाजी, कोट नका शिवू. साधा सुती सदरा द्या."

शालिकरामचा चेहरा पडला. "टेलरचा जावई अन् सदऱ्यावर? माहं नाक कापून राहिले तुमी."

"मामाजी, तुमचे आजोबा ज्याचे कोट शिवत, तो सायेब मे महिन्यात कुठी राहे?"

"चिखलदऱ्याले. थंड हवेत."

"मंग? सायेब जाये पहाडावर, अन् त्याचा कोट घालून आपून भट्टीत उभे. कावून?"

शालिकराम आणखीच चिडला. सदरा शिवला, पण जावयाच्या कोटासाठी राखलेल्या कापडाचा कोटही शिवला, स्वतःच्या मापाचा. "घरातलं कोनी तं मानसासारखं दिसलं पाह्यजे," मला म्हणाला. पोरीच्या लग्नात चार लोकांत आपली पत राहते की जाते, या काळजीनं त्याची झोप उडाली होती.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं चालू असतानाच लाइन गेली आणि कूलर बंद पडले. सदऱ्यातला नवरदेव मजेत उभा. शालिकराम मात्र लालबुंद होऊन खांबाला टेकला. नवरीचे मामा, काका आणि मी, सगळे त्यानंच शिवलेल्या कोटात शिजत होतो. पण ज्यानं शिवला त्याच्या डोळ्यांदेखत काढायचा कसा?

हार घालून झाले तशी दीपमाला सरळ बापाकडे आली. "बाबा, काढा तो कोट. माह्या पाठवनीच्या टायमाले तुमी मले धड पाह्यजे."

शालिकरामनं एकदा मंडपभर नजर फिरवली. मग बटणं सोडली आणि कोट काढून हातावर घेतला. आम्ही बाकीचे तेवढ्याचीच वाट पाहत होतो; आमचेही कोट भराभर उतरले. मंडपात मघापासून वारा आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. योगेशचे वडील उठले आणि आपली खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "बसा, व्याहीबुवा." शालिकराम खुर्चीकडे बघतच राहिला. मग बसला आणि लहान पोरासारखा हसला. इतक्या वर्षांचा शेजारी, पण मला तो तेव्हा फार आवडला.

यंदा त्याच्या दुकानावर 'लग्नाचे सुती सदरे' अशी पाटी लागली आहे, आणि धंदा जोरात आहे. काचेतल्या पुतळ्याच्या अंगावर मात्र अजून कोट-टाय आहेच. मी विचारलं, "याचा कावून नाही उतरवला?"

"राहू द्या," शालिकराम सुईत दोरा ओवत म्हणाला. "त्याले घाम येत नाही."