घटका बुडेना

माझ्या लग्नाच्या दिवशी मला नवऱ्याची नव्हे, भावाच्या आगगाडीची काळजी लागली होती. आम्ही अनसिंगजवळच्या खेड्यातले. भाऊ नागपूरला विज्ञान शिकत होता. माझी शाळा चौथीतच सुटली, पण सुटीत आला की तो चुलीपुढं बसून मला सगळं सांगायचा. दिवाळीत म्हणाला, वेगानं जाणारं घड्याळ मागं पडतं, कारण तिथला काळच मंद चालतो, अन् प्रयोगांनी ते सिद्ध झालंय.

मी विचारलं, "घड्याळच बिघडलं असंन तर? काळ मंद झालेला कोनं पाह्यला?"

"लग्नाले येतो तवा वाचून येतो अन् सांगतो तुले," तो म्हणाला. भाकरी थापताना, पाणी शेंदताना माझ्या डोक्यात तोच भुंगा. कशातच मन लागेना.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकारनं घड्याळं तासभर पुढं केलेली, त्यामुळं जोशीबुवांचा घड्याळावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी गौरीहराशेजारी पाण्याच्या घंगाळात घटका सोडली. म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की मुहूर्त. मी गौरीहराशी बसलेली, कान मात्र बाहेर. काका भावाला आणायला बैलगाडी घेऊन स्टेशनावर गेले होते.

वाटी बुडेना. मांडवात व्याही हातातलं घड्याळ दाखवत तणतणू लागले. "अहो, वेळ निघून चालली! मी तो सरकारी तास वजा करूनच सांगून राह्यलो!"

"घटका खोटं बोलत नाही," जोशीबुवा म्हणाले.

"मंग बसा तुमी घटका पाहत, आमी चाललो," म्हणून व्याही खरंच जोडे शोधू लागले.

मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वाटी जितकी तरंगेल तितका भाऊ जवळ येणार! मग मी नीट वाकून पाहिलं. पूजा करताना बायकांनी वाटीला इतकं हळदकुंकू वाहिलं होतं की बुडाशी नुसता लगदा बसला होता. भोकच बुजलं होतं. मुहूर्त आपला चाललाच होता, थांबली होती ती वाटी.

बोलावं की गप्प बसावं? बाबा व्याह्यांपुढं हात जोडून उभे दिसले. नवरीनं तोंड उघडायचं नसतं, तरी मी ओरडले, "बाबा, हळदीनं भोक बुजलं!"

मग एकच धांदल. मंगलाष्टकं कशीबशी उरकली. नवऱ्याचा कान भावानं पिळायचा, तो चुलतभावानं पिळला. मी रडले, अन् सगळ्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून.

भाऊ आला तेव्हा पाठवणीची गाडी जुंपलेली होती. आगगाडीच रखडली होती. घामाघूम झालेला तो आमच्या गाडीसोबत चालत घाईघाईनं बोलू लागला. "तुह्यं बरोबर होतं. एका घड्याळावरून काहीच ठरत नाही. पन धावत्या अणूंचा उजेड मोजला, आभाळातून येनारे कण किती टिकतात ते मोजलं. साऱ्यांतून एकच हिशेब निघाला. इतकी निरनिराळी घड्याळं सारखीच कशी बिघडतीन? म्हणून काळच मंद चालते म्हनाव लागते."

मला पटलं. तेवढ्यात पुढचा प्रश्न सुचला: मग खरा काळ कोणाचा, चालणाऱ्याचा की थांबलेल्याचा? मी डोकं बाहेर काढलं, पण नणंदेनं पदर धरून मला आत ओढलं. नव्या घरी मी तो प्रश्न पुष्कळ दिवस तोंडात घेऊन फिरले. विचारावा असं तिथं कोणीच नव्हतं.