न चावणाऱ्या लोकरीचा डगला

काकांनी स्वतःच्या लग्नात घातलेला लोकरी कोट मंगलाष्टकं संपायच्या आत काढला आणि मांडवाच्या खांबाला टांगून ठेवला, ही गोष्ट मी नांदे गावात राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात ऐकली. काका म्हणजे माझे घरमालक. कोट त्यांच्या मामाचा होता, जाडाभरडा, आणि मानेला असा चावायचा की तोवरच्या प्रत्येक फोटोत नवरदेवाचा एक हात कॉलरीत आहे. काकू तो अल्बम दाखवताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. तेव्हापासून काकांनी लोकर अंगाला लावली नव्हती. थंडीत ते दोन सदरे एकावर एक चढवत आणि वरून सुती उपरणं गुंडाळत.

मी परभणीची. हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते; म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. काकांच्या घरावरची एक खोली मी भाड्याने घेतली तेव्हा मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. खाली खिडकीशी काकूंचं पायमशीन होतं; गावातले कपडे त्या त्यावर शिवून देत. सुट्टीच्या दिवशी त्याचा आवाज यायला लागला की मी जिन्यावर येऊन बसायची. एकदा काकू म्हणाल्या, नुसती बघत काय बसतीस, ये हितं. पहिल्या वर्षी उशांचे अभ्रे झाले, दुसऱ्या वर्षी ब्लाउज. सपाट कापडातून माणसाच्या खांद्याचा गोलवा कसा उभा राहतो हे एकदा हाताला कळलं आणि मला शिवणाचं वेडच लागलं.

त्यानंतर कंपनीने मला दोन महिने एका थंड देशात पाठवलं. तिथे एका गल्लीत कापडाचं लहानसं दुकान सापडलं. जुन्या काळचे पोशाख हुबेहूब शिवणारी मंडळी तिथे येत, आणि आजची जॅकेटं शिवणारेही येत. दोघंही एकाच गठ्ठ्याला हात घालताना मी पाहिले. ते मेरिनो मेंढीच्या लोकरीचं कापड होतं, वजनाला एखाद्या मोठ्या ओढणीइतकं. रंग राखाडी, आत मधासारखी तपकिरी झाक. वीण हेरिंगबोनची: तिरक्या रेघांचा एक उभा पट्टा, शेजारी उलट्या बाजूला तिरक्या रेघांचा दुसरा, आणि दोन्ही भेटतात तिथे टोकं जुळून कणसासारखी नक्षी. मी साडेतीन मीटर घेतलं, बॅगेच्या तळाशी घालून आणलं आणि दोन वर्षं कपाटात ठेवलं. कात्री लावायची छातीच झाली नाही. कधीतरी जॅकेट शिवू, एवढंच मनात होतं.

आणि मग काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा माले गावचा, ताम्हिणीच्या रस्त्याला. मुहूर्त मार्गशीर्षातला आणि सकाळचा, मांडव धरणाच्या पाण्याजवळच्या माळावर. त्या दिवसांत तिथे सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते. घरात खरेदीची धांदल सुरू झाली आणि काकांच्या कपड्यांवर येऊन अडली. मुलीने सूट सुचवला, ते नाही म्हणाले. शेरवानी म्हणाली, तर म्हणाले मी काय बँडवाला आहे का. शेवटी त्यांनी जाहीर केलं की आपण रोजच्या सदऱ्यावर लग्नाला उभे राहणार. मुलगी वर माझ्या खोलीत येऊन बसली. थाटमाट नको होता तिला. माले गावची थंडी तिने पाहिली होती, आणि बाबा मांडवात कुडकुडत उभे राहतील हे तिला सहन होणार नव्हतं.

मी कपाट उघडलं आणि कापड तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते गालाला लावलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

काकूंनी कापड उजेडात धरलं, विणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही तर गव्हाची ओंबी हाय." काका मात्र दारातूनच बोलले, "लोकर म्हंजी घोंगडं. ते चावणारच."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. काठाची वीतभर रुंद पट्टी कापली, त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळली आणि एवढंच म्हटलं की चावली की काढून टाका. ते खळ्यात गेले. तो शनिवार होता. मला काम नव्हतं आणि मी पाच वेळा अंगणात जाऊन आले. दुपारी ते जेवायला बसले, उठले, हात धुतले. पट्टी गळ्यातच होती. काकूंनी विचारलं, चावली का? काकांनी मानेला हात लावला आणि दचकले. सकाळी काहीतरी गुंडाळलंय हेच ते विसरून गेले होते. मला त्या क्षणी आनंदाने जिन्यावरून उडी मारावीशी वाटली.

पण मग शिवायचं काय? त्याचं उत्तर काकांच्या थोरल्या बहिणीकडून आलं. ह्या आत्या माले गावीच दिलेल्या. त्यांच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांचा डगला होता, गुडघ्यापर्यंतचा, बटणांच्या जागी बंद असलेला. जुनी माणसं असा सैल अंगरखा थंडीत घालत. मी आणि काकू दोघी एस्टीने तो पाहायला गेलो. सुती होता, विरून जाळी झालेला, खांद्याशी कसर लागलेली. आत्यांनी आधीच बजावलं, "बगा, पण उसवायचा न्हाई. माझ्या बाचा हाय."

आम्ही तो ओसरीवर वर्तमानपत्रं अंथरून त्यावर पसरला आणि शिवणीशिवणीने पेन्सिल फिरवत गेलो. जसजसा कागद भरत गेला तसतशी मी त्यावर आणखी वाकत गेले. सगळे तुकडे सरळ होते. पाठ म्हणजे एक लांब चौकोन, पुढचे दोन भाग चौकोन, बाह्या चौकोन. घेरासाठी दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळ्या, त्याही एकाच पट्टीतून तिरक्या कापून एकमेकींना उलट्या लावलेल्या. बगलेत तळहाताएवढा चौकोनी तुकडा, त्याच्यामुळे हात वर केला तरी डगला वर चढत नाही. कापडाची चिंधीसुद्धा वाया गेलेली नव्हती. आजच्या कोटाच्या कापात निम्मा जीव वाकड्या रेघा जुळवण्यात जातो, आणि इथे कुणा अनोळखी शिंप्याने नुसत्या सरळ रेघांत माणसाचं अंग बसवलं होतं. आणि माझं कापडही उभ्या पट्ट्यांचंच. सरळ कापावं म्हणूनच जणू विणलेलं. परतीच्या एस्टीत मी बोलत होते आणि काकू नुसत्या हो हो करत होत्या. शेवटी त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी दिली, बहुतेक माझं तोंड बंद व्हावं म्हणून.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही कापड कापलं. आधी ओलं सुती फडकं वर घालून इस्त्री फिरवली, म्हणजे जे काय आकसायचं ते आकसून घेईल. मग फरशीवर दुहेरी घडी करून पसरलं. खडूच्या रेघा मी मारल्या. कात्री काकूंनी माझ्याच हातात दिली. लोकर कापताना करकर आवाज येत नाही, लोण्यात सुरी जावी तशी कात्री जाते. मी भान हरपून कापत गेले.

पुढचे दोन भाग उचलून मी शेजारी शेजारी ठेवले. वरचा भाग बरोबर होता. खालचा गुळगुळीत फरशीवर सरकला होता, आणि त्याच्यावरचे पट्टे वरपासून खालपर्यंत दोन बोटं तिरके गेले होते. साध्या कापडात हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. ह्या विणीत ते आंधळ्यालाही दिसलं असतं. रोज दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी. एवढी मोठी चूक माझ्या हाताखाली झाली आणि मला कळलीही नाही. नवा भाग कापावा तर तेवढा लांब-रुंद एकसंध तुकडा उरत नव्हता; होत्या त्या अरुंद पट्ट्या आणि आखूड तुकडे. मी भिंतीला टेकून खाली बसले.

काकूंनी तो तुकडा खिडकीत नेला. बराच वेळ त्या नखाने एकाच पट्ट्याच्या कडेवरून खाली जात राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, रडू नकोस. हितं रेघा मोडत्यातच की. मोडत्यात तितंच जोड दिला तर कुणाला दिसंल?"

मला कळायला क्षणभर वेळ लागला, आणि कळल्यावर मी उठून उभीच राहिले. एका पट्ट्याच्या तिरक्या रेघा संपून दुसऱ्याच्या सुरू होतात ती सीमा विणतानाच मोडलेली असते. शिवण नेमकी त्याच सीमेवर आली, तर नजर तिला विणीचाच भाग समजते. आम्ही वाकडा भाग पट्ट्याच्या कडेने सरळ करून घेतला, कमी पडली तेवढ्या रुंदीची पट्टी उरलेल्या कापडातून पट्ट्याच्याच कडेने काढली आणि दोन्ही जोडले. मशीन काकूंनी मारलं, मी टाचण्या काढत गेले. शिवण दाबून इस्त्री केली आणि मुलीला हाक मारून जोड शोधायला सांगितलं. तिने दोनदा बोट ठेवलं, दोन्ही वेळा चुकीच्या ठिकाणी.  काकूंनी नुसता पदर खोचला आणि म्हणाल्या, चहा टाकते. त्यांच्या चालीत मात्र वेगळाच डौल होता.

पुढचे तीन आठवडे मी ऑफिसात फक्त शरीराने होते. मीटिंगमध्ये वहीच्या कडेला कळ्या काढायची. सकाळी कामावर जायच्या आधी तासभर आणि सुट्टीत दिवसभर आम्ही शिवत होतो. आतून मऊ मलमलीचं अस्तर लावलं. बंद त्याच कापडाचे केले, पट्टी उलटवून बारीक, आणि प्रत्येकाच्या टोकाला काकूंनी हाताने गाठ मारली. शेवटच्या रविवारी काकांना आरशासमोर उभं केलं. त्यांनी हात वर केले, खाली केले, वाकून पायाचा अंगठा धरला, जणू बैल पारखत होते. मग विचारलं, घातलाय ना नक्की? आम्ही तिघी हसत सुटलो.

लग्नाच्या सकाळी पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडचा डोंगर दिसत नव्हता. वऱ्हाडी शाली, मफलर, कानटोप्या घालून आले होते. काका डगला घालून मांडवाच्या तोंडाशी उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा हात हातात घेत होते. डोक्यावर पांढरा फेटा, खाली धोतर, मध्ये तो राखाडी डगला; ऊन तिरकं आलं की त्यातली मधाची झाक चमकून जायची. मी एका कोपऱ्यातून फक्त त्यांच्या मानेकडे बघत होते. हात एकदाही गळ्याकडे गेला नाही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, ऊन चढलं. मला वाटलं आता काढतील. नाही काढला. त्या कापडाची हीच गंमत आहे, थंडीत ऊब देतं आणि उन्हात अंगाला श्वास घेऊ देतं. पंगतीत वाढायलाही ते तसेच उतरले. काकू मागून ओरडल्या की वरण सांडेल. काका म्हणाले, सांडू दे, धुवून घालीन.

आत्या उशिरा आल्या. गर्दीतून त्यांनी भावाला पाठमोरं पाहिलं आणि चालता चालता थांबल्या. मग जवळ जाऊन त्यांनी त्याच्या बाहीवरून, खांद्यावरून हात फिरवला, बगलेतला चौकोन चाचपून पाहिला. काकांनी विचारलं, कसा झालाय? आत्या म्हणाल्या, "बा असाच उबा ऱ्हायचा." एवढं बोलून त्या माझ्याजवळ आल्या, माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि सुईने टोचलेल्या जागा मोजल्यासारख्या एकेक दाबल्या. दुपारपर्यंत गावातल्या चार म्हाताऱ्यांनी डगल्याचं टोक चिमटीत धरून पाहिलं होतं. लोकर आहे यावर त्यातल्या एकाचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

मुलगी सासरी गेली, पाहुणे पांगले, घर एकदम मोठं वाटायला लागलं. पुढच्या रविवारी मी उरलेलं कापड उलगडलं. तुकडे जोडून बिनबाह्यांचं एक जॅकेट होईल एवढंच होतं. ऑफिसातल्या थंडगार एसीसाठी मी मनात त्याचा काप आखूनही ठेवला होता. खडू आणायला वर गेले आणि परत जिन्यावर आले, तर काकू आरशासमोर होत्या. कापड त्यांनी साडीवरून खांद्याला लावलं होतं आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून स्वतःला निरखत होत्या. मला पाहताच त्यांनी ते पटकन घडी घालून मशीनवर ठेवलं, टेप उचलली आणि म्हणाल्या, तुझं माप घेऊ का?

मी टेप त्यांच्या हातातून काढून घेतली. हात बाजूला करा म्हटलं. त्या नको नको म्हणत राहिल्या; ह्या वयात जॅकेट घालून मी कुठं मिरवू, लोक हसतील. पण हात मात्र त्यांनी बाजूला केले होते. तीस वर्षं त्यांनी अख्ख्या गावाची मापं घेतली होती. स्वतःची छाती किती, खांदा किती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जुन्या ब्लाउजवर ठेवून नवा कापायचा, एवढंच. मी आकडे मोठ्याने सांगत गेले आणि त्या प्रत्येक आकड्याला, व्हय का, असं नवलाने म्हणत गेल्या.

"खिसा ठेवशील का?" त्यांनी हळूच विचारलं. "दोन ठेव. आन् जोड आला तर रेघ मोडती तितंच घे."