जायफळाचं पत्र

आज श्रीखंडावर जायफळ किसताना एक जुनं पत्र आठवलं.

१९८०च्या सुमारास कतारमध्ये, दोह्याच्या नजमा वस्तीतल्या खोलीत, मी माझं पत्रक सोबतच्या कामगारांना वाचून दाखवत होतो. जायफळासाठी बेटावरची माणसं मारून उरलेल्यांना गुलाम करणाऱ्या एका डच गव्हर्नराचं चरित्र. शेवटी आमच्या कंपनीनं अडकवून ठेवलेल्या आमच्या पासपोर्टांबद्दल लिहिलं होतं. ते सापडलं असतं, तर आम्हा सगळ्यांची नोकरी खलास.

तेवढ्यात दारात सुपरवायझर आला. मुंबईचा, मराठी समजणारा.

“काय वाचतोस?”

 सुतार सदूभाऊंना लिहितावाचता येत नसे; त्यांची पत्रं मीच लिहायचो. तेच म्हणाले, “माझं घरी धाडायचं पत्र हाय, साहेब.”

“वाच मग.”

गव्हर्नराच्या पानावर नजर ठेवून मी वाचलं, “सौ. शेवंतास आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. थोडं जायफळ धाडणे.” 

“जायफळ? झोप येत नाही वाटतं, सदूभाऊ?” तो हसून गेला.

मी पानं फाडू लागलो. सदूभाऊंनी मनगट धरलं. “थांब की. त्या बेटावरच्या माणसांचं पुढं काय झालं?”

मला पुढे वाचता आलं नाही. तेव्हा वाटलं, त्यांना धोका पुरता कळलाच नाही. आज वाटतं, माझ्याहून जास्त कळला होता. तरी त्यांना ऐकायचं होतं.