खोक्याची पाठ

सारी गल्ली त्यांना बंदोबस्तकाका म्हणायची. पस्तीस वर्षं कपाटं करणारा हा सुतार, पण मागच्या बाजूला पातळ फळी ठोकून मोकळा होणाऱ्यांतला नव्हे. भिंतीकडे जाणारी, जन्मात कुणाला न दिसणारी पाठसुद्धा जाड प्लायवूडची, आधी चिकटवलेली आणि वर बोटाबोटावर स्क्रू मारलेली. माझ्या कपाटात शिरायचं तर झुरळाला अर्ज करावा लागतो, असं ते ऐटीत सांगायचे.

पुतणीने गिटारसाठी स्पीकरचा खोका मागितला तेव्हा काका हरखलेच. तिच्या जुन्या पेटीत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकत्र होते. नवा अ‍ॅम्प्लिफायर मिळाला तो नुसता, त्याला स्पीकर वेगळे जोडायचे होते. काकांनी जीव ओतून दोन स्पीकरांचा खोका केला. पाठ अर्थातच ठार बंद.

आज चार वाजता शहरातल्या एका सभागृहाच्या मॅनेजरबाई पुतणीचा बँड ऐकणार होत्या. पसंत पडला तर दर रविवारचा कार्यक्रम यांचा. त्यासाठी पोरगी दोन वर्षं धडपडत होती.

तीनला काकांच्या कारखान्यातच तालीम सुरू झाली. गिटारच्या पहिल्याच फटक्याला समोर बसलेल्या काकांच्या छातीत धडधडलं. काय तो भरदार आवाज! काकांना आभाळ ठेंगणं झालं. पण खोक्याच्या मागे ड्रमवर बसलेल्या मैत्रिणीला, एरवी दवाखान्यात नर्स असलेल्या त्या पोरीला, गिटार ऐकूच येईना. ठेका एकीकडे, गाणं दुसरीकडे. आवाज वाढवला तर काकांच्या कानठळ्या बसल्या आणि तिला तरीही काही कळेना.

पुतणीच्या डोळ्यांत पाणी आलं. बंद खोका सगळा आवाज पुढेच फेकतो, तिने सांगितलं. पाठ थोडी उघडी असली तर तो मागेही पसरतो. खालचे जाड सूर जरा हलके होतात, पण मागच्या माणसाला ऐकू येतं.

"मग स्क्रू काढू?" काकांनी विचारलं.

"चिकटवलंयस ना तू. कापावंच लागेल, काका."

स्वतःच्या हाताने केलेली पाठ काकांनी आजवर कधी फोडली नव्हती. पण पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते उठलेच. भुसा आत जाऊ नये म्हणून आधी दोन्ही स्पीकर काढले, पाठीवर आडवी चौकट आखली, कोपऱ्यांना भोकं पाडली आणि मशीनची करवत घातली. साडेतीन. पावणेचार. घाम डोळ्यांत उतरत होता आणि हात मात्र पंचविशीतल्यासारखे चालत होते. फळीचा तुकडा खाली पडला, स्पीकर परत बसले, वायरी जुळल्या, तोवर मॅनेजरबाई दारात उभ्या होत्या.

काका पुढे गेलेच नाहीत. ड्रमशेजारी जमिनीवर बसले. गिटार वाजली आणि कापलेल्या फटीतून आवाज मोकळा बाहेर आला. ड्रमवालीने मान वर केली, हसली, आणि तिचा ठेका गिटारला असा चिकटला की काकांचे पाय आपोआप हलू लागले. इतका आनंद त्यांना कुठल्या कपाटाने दिला नव्हता.

गाणं संपलं. बाई पुतणीशी काहीतरी बोलल्या. पुतणी धावत मागे आली.

"काका, रविवार आपला."

काकांनी करवत उचलली. "आणखी चार बोटं पाठ कापू का गं?"